हेडमास्तरांना न लिहिलेलं पत्र

लिंकनच्या चरित्राची शेवटची प्रुफं हातात असताना मी लेखकांना पहिलं प्रकरण बदलायला सांगितलं. ते निवृत्त शिक्षक. म्हणाले, "मॅडम, अहो, त्या पत्रावर तर पुस्तक उभंय!"

मुलाला शाळेत घालताना लिंकनने लिहिलं असं सांगितलं जाणारं 'लिंकनचं हेडमास्तरांना पत्र' आपल्याकडे शाळाशाळांच्या भिंतीवर असतं. लिंकनच्या समग्र लेखनाच्या, १९५३ साली निघालेल्या आठ खंडांत मात्र ते नाही. घरचा हिशेबही जुळत नाही. थोरला रॉबर्ट १८५९ मध्ये एक्झेटरच्या शाळेत गेला तेव्हा १६ वर्षांचा घोडा होता. धाकटा टॅड व्हाइट हाउसमध्ये खासगी शिक्षकांना दाद देत नसे, वडील गेले तेव्हा त्याला धड वाचताही येत नव्हतं. मग हे पत्र कुणासाठी?

सामान्य वाचकासाठी चरित्र लिहायचं म्हणजे चार प्रसंग रंगवायचे, असं आमच्या क्षेत्रातल्या पुष्कळांना वाटतं. मला त्याचा संताप येतो. ढीगभर कागदांतून नेमका कागद उचलणं, हे यातलं खरं कसब. मी सरांपुढे २२ जुलै १८६० चं पत्र ठेवलं. रॉबर्टचा मित्र जॉर्ज लॅथम हार्वर्डच्या प्रवेशपरीक्षेत नापास झालेला. लिंकन तेव्हा राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार. तरी रॉबर्टच्या पत्रातून बातमी कळताच दुसऱ्या दिवशी त्यांनी या पोराला लिहिलं: तू नापास झाल्याचं कळलं, तेव्हा झालं एवढं दुःख मला क्वचितच झालं असेल, पण खचू नकोस. हार्वर्डचे अध्यक्ष भले गृहस्थच असणार, ते तुला भेटतील, वाट दाखवतील. आणि खाली सही करताना 'तुझा मित्र'. निवडणुकीच्या धामधुमीतला माणूस मुलाच्या मित्रासाठी इतका बारीक विचार करतो, याहून चांगली सुरुवात कुठल्या चरित्राला मिळणार?

सरांनी प्रकरण नव्यानं लिहिलं, आणि फार सुंदर लिहिलं. विक्री विभागाला ते जुनं पत्र अजूनही मलपृष्ठावर हवंय, 'तेच बघून लोक पुस्तक उचलतात' म्हणून. त्यांना मी साफ नाही म्हटलं.

सरांच्या प्रश्नाला मात्र मला उत्तर देता आलं नाही. "दर वर्षी नव्या वर्गाला मी हे पत्र वाचून दाखवायचो. त्या मुलांना आता काय सांगू?" प्रस्तावनेत त्यांनी हेच स्वतः लिहावं, असं मला वाटतं. ते तयार नाहीत. पुस्तक त्यांचं आहे, त्यामुळे किती आग्रह धरावा हे माझं अजून ठरत नाहीये.