न छापलेली ओळ

पासबुक हातात आलं की मी आधी शेवटची शिल्लक बघत नाही, मे महिना शोधते. एकतीस वर्षं बँकेत काढली, निवृत्तीनंतर वित्तीय साक्षरता केंद्रात समुपदेशक म्हणून काम करते, पण ही सवय गेल्या वर्षभरातली. नवी मुंबईत तुर्भे स्टोअर वस्तीत राहणाऱ्या एका बाईंमुळे लागलेली.

आम्ही बायकांना गुंतवणूक शिकवतो असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात निम्मा वेळ पासबुक वाचून दाखवण्यात जातो. अंगणवाडीत किंवा देवळाच्या मंडपात दुपारी बचत गटाच्या बायका जमतात, प्लास्टिकच्या पिशवीतून पासबुकं निघतात आणि एकेक ओळ वाचायची. ही कसली कपात, हा कुठला हप्ता, हे व्याज कशाचं. इंग्रजीतल्या त्या तुटक्या अक्षरांचा अर्थ बँकेतल्या माणसालाही कधी कधी आठवावा लागतो. बाईंनी काय करायचं?

तुर्भ्याच्या त्या बाई सप्टेंबरात केंद्रावर आल्या. सोबत सासूबाई. नवरा महापेला कंत्राटदाराकडे कामाला होता, वय अडतीस. ऑगस्टमध्ये पहाटे छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. दोन मुलं, मोठी सातवीत. बाईंनी नवऱ्याचं पासबुक माझ्यासमोर ठेवलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "मॅडम, विमा आहे ना ह्यांचा? मे महिन्यात कटलाय."

ओळ खरी होती. २० रुपये, सुरक्षा विमा. पण तो अपघाताचा. कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी दोन लाख मिळतात ती जीवन ज्योती विमा योजना वेगळी, तिचे वर्षाला ४३६ रुपये. दोन्ही योजना २०१५ साली एकदमच आल्या, दोन्हींचं वर्ष १ जून ते ३१ मे, दोन्हींचे पैसे मेच्या शेवटच्या आठवड्यात खात्यातून जातात. त्यामुळे लोकांच्या डोक्यात त्या एकच आहेत. मी आदल्या वर्षीचा मे काढला. तिथे दोन ओळी होत्या, ४३६ आणि २०. या वर्षी एकच.

मग मागची पानं वाचत गेले. पगार दुसऱ्याच बँकेत जमा व्हायचा, कंत्राटदाराने उघडून दिलेल्या खात्यात. हे जुनं खातं फक्त मोबाइलच्या हप्त्यासाठी चालू होतं. दर महिन्याला हप्त्यापुरते पैसे इकडे टाकायचे. मेमध्ये घरातल्या लग्नासाठी सगळे गावी गेले आणि ते राहून गेलं. हप्ता परत गेला. परत गेल्याचा दंड अडीचशे, त्यावर अठरा टक्के जीएसटी, मिळून २९५ रुपये बँकेने कापून घेतले. ७१२ चे राहिले ४१७. आठवड्याभराने ४३६ ची वेळ आली तेव्हा १९ रुपये कमी पडले. २० ची कपात मात्र झाली, कारण तेवढे होते.

पासबुकात झालेला व्यवहार छापला जातो. जो व्हायला हवा होता आणि झाला नाही, त्याची ओळ येत नाही. एसएमएस गेला असेल तर तो जुन्या बंद नंबरवर.

मी शाखेत फोन लावला. तिथला अधिकारी तरुण, बोलायला नम्र. म्हणाला, "मॅडम, सिस्टीमने उचललं नाही." जूनमध्ये कधीही शाखेत येऊन अर्ज आणि ४३६ रुपये दिले असते तर पुन्हा नाव लागलं असतं. नव्याने नाव लागल्यावर पहिले तीस दिवस नैसर्गिक मृत्यूला संरक्षण नसतं, पण ते तीस दिवस धरूनही ऑगस्टमध्ये विमा चालू असता. ज्यांचे पैसे कटले नाहीत त्यांची यादी निघत असेल ना, असं विचारलं. निघते म्हणाला, फोन करायला माणूस कुठे आहे? त्याला दोष देऊन काय मिळणार. शाखेला लक्ष्य येतं ते नव्या नोंदणीचं. किती जणांना जोडलं हे वरून पुन्हा पुन्हा विचारतात. किती गळाले हे माझ्या एकतीस वर्षांत मला कुणी विचारलं नाही, आणि मीही कुणाला विचारलं नाही.

बाईंना सांगणं मला भाग होतं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "एकोणीस रुपये? मला सांगितलं असतं तर मिसळणाच्या डब्यातून काढून दिले असते." सासूबाई खाली बघून बसल्या होत्या. थोड्या वेळाने बाई पुन्हा म्हणाल्या, आवाज न चढवता, "तुम्हीच आला होतात आमच्या गटात. म्हणाला होतात, एकदा सही करा, दरवर्षी पैसे आपोआप कटतात, काही करायला लागत नाही."

मी तसं म्हटलं होतं. गेली कित्येक वर्षं प्रत्येक बैठकीत म्हणत आले. सोपं करून सांगायचं म्हणून. लोक अर्ज भरताना बिचकतात, म्हणून.

त्यांच्या पिशवीत अजून कागद होते. मी ते सगळे टेबलावर काढले, खरं सांगायचं तर काहीतरी करत राहायला हवं म्हणून. त्यात पगाराची चिठ्ठी सापडली. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १२,०००, पीएफ बारा टक्के म्हणजे १,४४० कपात. मी विचारलं, पीएफचं काय केलंत? "सुपरवायझरनी फॉर्मवर सही घेतली. ऐंशी-पंच्याऐंशी हजार येतील म्हणाले."

"आणि विम्याचा?"

"तो तर नाही ना म्हणालात आत्ता."

ज्याचा पीएफ कापला जातो तो नोकरीत असताना वारला तर कुटुंबाला पीएफखेरीज विम्याची रक्कमही मिळते. १९७६ पासूनची योजना आहे, पीएफ कार्यालयात तिला ईडीएलआय म्हणतात. कामगाराच्या पगारातून यासाठी एक पैसा जात नाही, मालक अर्धा टक्का भरतो. त्यामुळे पगाराच्या चिठ्ठीवर तिचं नावच नसतं, आणि चिठ्ठीवर नाही म्हणून घरात कुणाला माहीत नसतं. हिशेब असा: सरासरी पगाराच्या पस्तीसपट, पगार जास्तीत जास्त १५,००० धरायचा, आणि त्यात पीएफच्या वर्षभरातल्या सरासरी शिलकेच्या निम्मे. एकूण कमाल सात लाख. मी तिथेच कागदावर मांडलं. बारा हजारांचे पस्तीसपट चार लाख वीस हजार, पीएफची सरासरी शिल्लक ८२,००० धरली तर तिचे निम्मे एकेचाळीस हजार. चार लाख एकसष्ट हजार. शिवाय विधवेचं निवृत्तीवेतन आणि दोन मुलांचं वेगळं.

सुपरवायझरने सही घेतली होती ती फक्त पीएफच्या रकमेसाठी. मुद्दाम नव्हे, त्यालाही ठाऊक नव्हतं. मला त्याचा राग आजही येतो. माणसाच्या मरणानंतरचे कागद जो भरून घेतो, त्याला कुठले कागद असतात एवढं माहीत असायला नको?

पुढचे अडीच महिने आम्ही दोघींनी वाशीच्या पीएफ कार्यालयाला किती खेपा घातल्या ते सांगत बसत नाही. पीएफ, निवृत्तीवेतन आणि विमा तिन्हींसाठी मृत्युदाव्याचा एकच एकत्रित अर्ज असतो, तो भरला. आधारवर बाईंचं माहेरचं आडनाव, पीएफच्या नोंदीत वारस म्हणून सासूबाई, लग्नाआधी लिहिलेल्या. लग्न झाल्यावर त्या नोंदी बदलाव्या लागतात हे त्या माणसाला कुणी सांगितलं नव्हतं. डिसेंबरात पैसे आले. आठवड्याच्या आत बँकेतलेच एक गृहस्थ त्यांच्या दारात, वर्षाला एक लाख भरायची पॉलिसी घेऊन. पॉलिसी घेण्याआधी बाई मला फोन करून विचारतील एवढा विश्वास अजून उरला होता, याचं मला बरं वाटलं. चार लाख पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत ठेवले, ७.४ टक्क्यांनी महिन्याला २,४६७ रुपये येतात.

पण ते दोन लाख गेले ते गेलेच. ओळखीचे म्हणतात, दुसरीकडून दुप्पट मिळाले की. दोन्ही त्यांच्या हक्काचे होते. आणि ती चिठ्ठी पिशवीत नसती तर मी त्यांना चहा पाजून घरी पाठवलं असतं.

या मेमध्ये मी बैठका पहिल्या पंधरवड्यातच घेतल्या. फळ्यावर फक्त एक आकडा लिहिते, ४५६. दोन्ही विम्यांची बेरीज. तेवढे पंचवीस तारखेला खात्यात आहेत का ते प्रत्येकीने छापून आणायचं, आणि तीस तारखेनंतर पुन्हा छापून आणायचं, दोन ओळी मोजायच्या. बायका वैतागतात. दोन खेपा, रिक्षाचे पैसे, शाखेतलं छपाईचं मशीन बंद.

तुर्भ्याच्या बैठकीला त्या मागे उभ्या होत्या. स्वतःचं पासबुक आणलं नव्हतं, ते त्यांनी आधीच बघून घेतलं होतं. जावेला पुढे घेऊन आल्या आणि तिचं पासबुक माझ्या हातात देत म्हणाल्या, "मॅडम, हिचा मोबाइलचा हप्ता कुठल्या खात्यातून जातो ते आधी बघा."