माळ्यावरची मोहीम

परवा दुपारी सोऱ्या शोधायला माळ्यावर चढलो. चकलीची भाजणी दळून आल्यापासून बायकोला धीर नव्हता. स्टूल पुरेना म्हणून वॉचमनकडून शिडी आणली. पाच मिनिटांचं काम.

अर्ध्या तासात हॉलचा बाजार झाला. पाहुण्यांच्या गाद्या, शिट्टी हरवलेला कुकर, जुने दिवाळी अंक, लेकीची तीनचाकी आणि एक टेबलफॅन, जो दुरुस्त करायचं माझ्या एकदम मनात आलं.

"मिळाला का?" खालून आवाज.

"आधी झाडून घेतो." मग झुरळांचा बंदोबस्त निघाला. मग फळी कुजलेली दिसली. चढलोच आहे तर...

तिथेच धुळीत उकिडवा बसलेलो असताना मला अमेरिका आठवली.

७ ऑक्टोबर २००१ ला त्यांनी अफगाणिस्तानात मोहीम काढली ती बिन लादेनसाठी. बारशालाच घोळ. आधी नाव ठेवलं 'इन्फिनिट जस्टिस'. असा अनंत न्याय फक्त अल्लाच करू शकतो, अशी हरकत आली, तेव्हा ते बदलून 'एन्ड्युअरिंग फ्रीडम' केलं. पुढे तालिबानला हटवणं आलं, लोकशाही आली, मुलींच्या शाळा, अफूची शेती, तिथलं सैन्य उभं करणं. २००३ मध्ये खुद्द संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांनी टिपण लिहिलं, की दहशतवादाविरुद्धच्या या युद्धात आपण जिंकतोय की हरतोय हे मोजायला आपल्याकडे मापच नाही. त्याच वर्षी इराकमध्ये घुसून जेमतेम सहा आठवडे झाले होते, तोवर बुशसाहेबांनी विमानवाहू जहाजावर भाषण केलं, मागे फलक: 'मिशन अकम्प्लिश्ड'. तारीख १ मे. आपल्याकडे निदान त्या दिवशी सुट्टी तरी असते.

काबूलमध्ये २००९ साली तिथल्या अमेरिकी फौजेचे प्रमुख जनरल मॅकक्रिस्टल यांना युद्धाचा एक तक्ता दाखवला. कशाचा बाण कशाला लागलाय ते कळेना, सांडलेल्या शेवयाच जणू. हा तक्ता कळेल त्या दिवशी आपण युद्ध जिंकलेलो असू, असं ते म्हणाले.

आमच्या आजीला तक्ता लागत नसे. वाड्यातल्या माळ्यावर काका चढला की ती खाली शिडी धरून उभी राहायची आणि तो उतरेपर्यंत एकच जप: "समई रे, समई." वरून काका ओरडायचा, "अगं, इथे बाबांची पेटी आहे!" "असू दे. समई." "पेटीला कुलूप आहे गं!" "समई." काका समई घेऊनच उतरायचा, चेहरा मात्र पडलेला. त्या पेटीत काय होतं ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. मला अजून त्याची चुटपुट आहे.

तेवढ्यात बेल वाजली. शेजारच्या काकू, हातात आमचा सोऱ्या. "अहो, मागच्या दिवाळीत नेलेला. आमच्याकडे आहे हे आमच्याच लक्षात नव्हतं!"

बिन लादेनही शेवटी शेजारीच सापडला, पाकिस्तानात अबोटाबादला, मे २०११ मध्ये. शेजाऱ्यांनी अगदी हेच सांगितलं.

सोऱ्या आला म्हणून मी खाली उतरलो असं वाटत असेल तर तसं नाही. दिवेलागणीपर्यंत वरच होतो. अमेरिकन तिकडे आणखी दहा वर्षं होते. मग कंटाळून मी सगळं होतं तसं वर कोंबलं, दार लावलं आणि बायकोला ठणकावून सांगितलं, की माळा आवरायचा माझा विचार कधी नव्हताच. बायडन यांनीही १६ ऑगस्ट २०२१ ला तेच सांगितलं: राष्ट्र उभारणं हे आमचं काम कधीच नव्हतं.

माळा निदान माझा होता. त्याच दिवशी काबूलच्या धावपट्टीवर एक अवजड करड्या रंगाचं विमान निघालं होतं, आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी माणसं पळत होती. काही जण चाकांच्या वरच्या जागेत चढून बसले होते.