लाईट आली की घरचीच नावं विसरणारा सर्व्हर

खानापुरात पावसाळ्यात लाईट जाते, यात नवल नाही. काकांच्या घरी घोटाळा व्हायचा तो लाईट परत आल्यावर. माडीवरच्या उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हरवर त्यांनी आजोबांचे मोडीतले दस्त, कन्नडमधले जमिनीचे उतारे, लग्नांचे फोटो असं सगळं स्कॅन करून ठेवलंय. रोज रात्री त्याची एक प्रत 'नास.होम.आरपा' नावाच्या दुसऱ्या डब्यावर, म्हणजे फाइली साठवायच्या यंत्रावर जाते. लाईट जाऊन आली की ती जाणं बंद. आणि इंटरनेट ठणठणीत! "नेट चालतंय म्हणजे सर्व्हर बराच हाय की," असं म्हणत काकांनी बरेच दिवस लक्षच दिलं नाही.

यंत्राच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता सांगतो तो डीएनएस सर्व्हर; त्याला कुठे विचारायचं ते रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ या फाइलीत असतं. दुरुस्तीला आलेल्या आधीच्या पोरांनी ती उघडून त्यात हाताने डीएनएसचा पत्ता लिहिला, चाललं म्हणून पैसे घेतले आणि गेले. उबुंटूत ती फाइल म्हणजे नुसती सिमलिंक, दुसऱ्या फाइलीकडे दाखवणारी पाटी. खरी फाइल 'रन'मध्ये, म्हणजे लाईट गेली की पुसल्या जाणाऱ्या रॅममध्ये. बूट झाली की नव्याने लिहिली जाते. हे न बघता कामाला हात घालणाऱ्यांचा मला राग येतो.

कोणता डीएनएस वापरात आहे ते दाखवणारी 'रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस' ही आज्ञा दिली आणि चोर सापडला. नेटप्लॅनमध्ये, म्हणजे उबुंटूच्या नेटवर्क सेटिंगमध्ये, दोन पत्ते होते: घरची नावं ठाऊक असलेला छोटा डीएनएस सर्व्हर डीएनएसमास्क 192.168.1.10 आणि शेजारी, कुणीतरी 'बॅकअप' म्हणून टाकलेला गुगलचा सार्वजनिक डीएनएस 8.8.8.8. 'करंट डीएनएस सर्व्हर'समोर 8.8.8.8! उबुंटूत नावं विचारायचं काम करणारा सिस्टमडी-रिझॉल्व्हड पहिला-दुसरा असा मान ठेवत नाही. चालू असलेल्याने उत्तर दिलं नाही की पुढच्याकडे जातो, आणि तो उत्तर देतोय तोवर तिथेच बसतो. बूट होताना डीएनएसमास्क उठायच्या आधीच कुणीतरी नाव विचारायचं, नकार मिळायचा, गाडी 8.8.8.8 वर जायची. त्याला घरचं नाव विचारलं की "असं नाव नाही" म्हणायचा. हे रीतसर उत्तरच, त्यामुळे परत फिरायला कारणच उरत नाही. आमच्या आळीतला पत्ता दिल्लीच्या पोस्टमनला विचारल्यासारखं.

नेटप्लॅनमधून 8.8.8.8 काढला, राउटरकडून डीएचसीपीने (आपोआप पत्ते वाटणाऱ्या सोयीने) येणारे डीएनएस 'यूज-डीएनएस: फॉल्स' करून थांबवले, आणि 8.8.8.8 डीएनएसमास्कच्या पोटात, 'सर्व्हर=' ओळीत टाकला, वर 'नो-रिझॉल्व्ह', म्हणजे त्याने रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ बघायचीच नाही. बाहेरची नावं आता तोच बाहेर विचारून आणतो. खाली हॉलमध्ये बसून एसएसएचवरून, म्हणजे नेटवर्कमधून लांबूनच काम चाललेलं; सेटिंग चुकलं तर तेच तुटणार, म्हणून 'नेटप्लॅन ट्राय'. 120 सेकंदांत एंटर दाबलं नाही तर जुनं परत येतं. ही सोय करणाऱ्याला बेळगावचा कुंदा पाठवायला हवा.

मग मेन स्विच पाडला. काकूंची मालिका ऐन रंगात होती. त्या मला काय म्हणाल्या ते लिहीत नाही. लाईट लावली, सर्व्हर उठला, प्रत गेली.

काका मात्र अजून कुरकुरतात. "अरे, हा डीएनएसमास्कच मेला तर सर्व्हरला बाहेरचं काय दिसणार? एक बॅकअप असू दे की." प्रश्न बरोबर आहे. माझं म्हणणं, दुसरा पत्ता द्यायचा तर त्यालाही घरची नावं ठाऊक हवीत; म्हणजे आणखी एका यंत्रावर डीएनएसमास्क. त्यांच्या माळ्यावर जुना लॅपटॉप पडून आहे. तो मुलाला विचारल्याशिवाय देणार नाहीत, आणि मुलगा गणपतीला येणार.