नाव कोण देणार?

रविवार, रात्री

चर्चमधल्या उपासनेनंतरची बैठक आज फार लांबली. येरवड्यातून सुटलेल्या आमच्या मंडळीतल्या एका माणसाला भाड्याची खोली मिळवून द्यायची, एवढाच विषय होता. नाव लिहीत नाही, ही वही घरात कोणीही उघडतं. सुरुवातीचं भाडं भरायला महिला मंडळ तयार आहे. पण घरमालक म्हणतो, पोलीस पडताळणी होईलच, तरी ओळख देणारा एक माणूस आणा, उद्या काही झालं तर मी कोणाला धरू? पैशांसाठी हात वर आले. नाव द्यायची वेळ आली तेव्हा सगळे पंख्याकडे बघायला लागले.

एका वडीलधाऱ्यांनी बायबलमधल्या नीतिसूत्रांचा सहावा अध्याय काढला. शेजाऱ्याला जामीन राहिला असशील तर हरिणासारखी स्वतःची सुटका करून घे. वचन खरंच आहे, आणि त्यांनी ते भीतीपोटी काढलं हेही खरं. मी फिलेमोनाला लिहिलेलं पत्र काढलं. जेमतेम 25 वचनं, आणि लिहिणारा पौल स्वतः कैदेत. अनेसिम या गुलामाला त्याच्या मालकाकडे, फिलेमोनाकडे, परत पाठवताना तो म्हणतो, याचं काही देणं असेल तर माझ्या हिशेबी मांड, मी फेडीन. जामीन राहणं याहून वेगळं काय असतं? कोणी उत्तर दिलं नाही. चहा मात्र आला.

कैद्यांना भेटायला तुरुंगात जायला आम्ही कधी मागे नसतो. नाताळात कॅरल, केक, प्रार्थना. शेजारच्या कॅथलिक बाईंकडे तर ऑगस्टचा दुसरा रविवार कैद्यांसाठीच असतो, संत मॅक्सिमिलियन कोल्बे यांच्या सणाच्या सुमारास. 1941 साली ऑशविट्झच्या छावणीत उपासमारीच्या शिक्षेसाठी निवडलेला एक कैदी बायकोमुलांच्या नावाने रडला, तेव्हा त्याच्या जागी कोल्बे पुढे झाले आणि मेले. आमच्याकडे कोणी जीव मागत नव्हतं, आधार कार्डाची झेरॉक्स मागत होतं.

खटला अजून चालू असलेल्या कच्च्या कैद्यांचंही तेच. जामीन मंजूर होतो, पण रक्कम नसते आणि जामीनदारही नसतो. गरीब कैद्यांसाठी 2023 पासून केंद्राची योजना आहे, सुरुवातीला जामिनासाठी 40,000 रुपयांपर्यंत मदत ठरली होती. रक्कम सरकार देईल. ‘हा माझा माणूस’ असं म्हणायला मात्र कोणीतरी लागतंच.

सुटून आलेल्या त्या माणसाच्या बायकोशी नंतर बोलले. चार घरची धुणीभांडी, तुरुंगातल्या भेटीच्या दिवशी खाडा, खाड्याचे पैसे कापलेले. थोरल्याला ‘बाबा बाहेरगावी आहेत’ सांगितलं होतं, ते त्याला शाळेतल्या पोरांनी केव्हाच दुरुस्त करून दिलं. आता बाप घरी आलाय तर मुलगा त्याच्यासमोर जेवायला बसत नाही. यावर प्रार्थनासभेत काय बोलायचं ते मला तरी सुचत नाही.

अमेरिकेत मेरी के बिअर्ड नावाच्या बाईंनी, ज्या स्वतः शिक्षा भोगून आल्या होत्या, 1982 मध्ये एक उपक्रम सुरू केला. कैद्यांच्या मुलांना नाताळची भेट द्यायची, पण ती चर्चच्या नावाने नाही, आत असलेल्या आईच्या किंवा बापाच्या नावाने. मला यातली ही नावाची गोष्टच आवडते. आपल्याकडे नाताळापेक्षा जून बरा. वह्या, दप्तर, रेनकोट. ‘पप्पांनी पाठवलं’ एवढंच सांगायचं आणि फोटो काढायचा नाही.

आणखी एक. पाळकसाहेबांची इच्छा आहे की पुढच्या महिन्यात त्या माणसाने सर्वांसमोर साक्ष द्यावी, म्हणजे आपल्या पापाची आणि बदलाची गोष्ट सांगावी. मी स्पष्ट विरोध केला. आम्ही इतकी वर्षं आमची पापं बाकावर बसून गुपचूप कबूल करतो, आणि त्याने मात्र माइक धरून सांगायची, का? ज्याला स्वतःहून बोलायचं तो बोलेल. खोलीच्या बदल्यात गोष्ट मागणं मला पटत नाही. पाळकसाहेबांना राग आला असावा. येवो.

ओळख द्यायला माझं नाव दिलंय. हे घरी आल्यावर म्हणाले, “मला आधी विचारायचं तरी.” विचारलं असतं तर नको म्हणाले असते, दोघांनाही माहीत आहे. उद्या झेरॉक्स काढायची. घरमालक दोन महिन्यांचं डिपॉझिट मागतोय, ते एकावर आणता येतं का बघते.