दूरचं घर नक्की किती स्वस्त?

घर शोधायला लागलो तेव्हा भेटेल तो एकच सल्ला द्यायचा. "थोडं पुढे सरका, पुढे स्वस्त आहे." एजंट म्हणाला, दादा म्हणाला, कर्जाची कागदपत्रं घ्यायला आलेला मुलगासुद्धा म्हणाला. सगळ्यांचं बरोबरच होतं. शहराच्या मध्यापासून जसजसं बाहेर जावं तसतसा चौरस फुटाचा दर उतरत जातो. मध्यावर ज्या पैशांत एक खोली आणि ओटा मिळतो, त्याच पैशांत टोकाला दोन बेडरूम, बाल्कनी आणि वर एजंटचं हसू.

मला खुपत होतं ते वेगळंच. हा दर उतरतो तो का? विल्यम अलोन्सो या अर्थतज्ज्ञाने 1964 मध्ये याचीच मांडणी केली होती. थोडक्यात सांगायचं तर जवळच्या जागेला लोक जास्त मोजतात, कारण त्यांचा प्रवास वाचतो. दूरची जागा स्वस्त असते, कारण उरलेले पैसे रोज थोडे थोडे रस्त्यावर द्यायचे असतात. म्हणजे स्वस्ताई ही बिल्डरची मेहेरबानी नाही, घराच्या किमतीचाच काही भाग तिकिटाच्या खिडकीवर भरायचा आहे. आता तो भाग फरकापेक्षा कमी आहे की जास्त, हे बाजार सांगत नाही. बाजाराचा भाव सगळ्यांचा मिळून ठरतो. आमची दोघांची ऑफिसं दोन विरुद्ध दिशांना, त्यामुळे आमचं गणित आम्हालाच घालावं लागणार होतं.

नवऱ्याने शीट उघडली. सुरुवातीला दोन वेगळे कोपरे होते, एकात घराची किंमत, दुसऱ्यात महिन्याचा प्रवासखर्च. या दोन आकड्यांची तुलना होईना. एक आकडा एकदाच द्यायचा, तोही प्रचंड. दुसरा दर महिन्याला आणि चिमुकला. चिमुकला आकडा नेहमीच हरतो. कोट्यवधींच्या शेजारी मासिक पास ठेवला की तो दिसतसुद्धा नाही.

मग मी कर्जाच्या हप्त्याचं सूत्र उलटं लावलं. वीस वर्षांचं कर्ज, व्याज 8.5 टक्के धरलं, तर दरमहा 1 रुपयाच्या हप्त्यात साधारण 115 रुपयांचं कर्ज फिटतं. म्हणजे प्रवासात महिन्याला जेवढे वाचतील, त्याच्या 115 पट रकमेने महाग घर तेवढ्याच खर्चात परवडतं. महिन्याला शंभर वाचले तर साडेअकरा हजारांचं कर्ज. त्या दिवसापासून प्रत्येक घराच्या ओळीपुढे आमचा नवा रकाना होता: किंमत अधिक प्रवासाच्या 115 पट. टोकाची बरीच घरं त्या रकान्यात एकदम अंगात आल्यासारखी फुगली. सगळी नाही, हेही सांगायला हवं. काही घरं तरीही स्वस्तच राहिली, विशेषतः जिथून दोघांनाही ट्रेनने जाता येत होतं.

व्याजदर उतरला की हा गुणक वाढतो. तेच कर्ज 6 टक्क्यांनी मिळालं तर 115 चा जवळपास 140 होतो. म्हणजे कर्ज स्वस्त असताना जवळच्या घराची बाजू उलट आणखी भक्कम होते. मला आधी याच्या बरोबर उलटं वाटायचं.

यात एक गोष्ट अजून धरलेलीच नाही. हप्ता साधारण तेवढाच राहतो (व्याजदर बदलता असला तर थोडा हलतो, किंवा बँक हप्ता तोच ठेवून वर्षं वाढवते), पण प्रवास दरवर्षी महागतो. वर्षाला 5 टक्के धरले तर आजचा प्रवासखर्च चौदा-पंधरा वर्षांत दुप्पट. पगारही वाढतो हे खरं, पण पगारवाढीने हप्ता हलका होत जातो आणि प्रवास होत नाही, तो पगाराबरोबर पळतच राहतो. शिवाय विसाव्या वर्षी हप्ता संपतो, ऑफिस संपत नाही.

"हप्ता म्हणजे बचत, भाडं म्हणजे धूर" हे वाक्य मात्र मी कुणाला टाकू देत नाही. वर धरलेल्या दराने पहिल्या हप्त्यातला सुमारे 82 टक्के भाग नुसतं व्याज असतो. हप्त्यातला मुद्दलाचा भाग अर्ध्याच्या वर जायला जवळजवळ बारा वर्षं लागतात. तोवर जास्त करून बँकेचंच पोट भरतं. पण जवळचं घर महाग घेतलं, तर निदान त्या महाग किमतीचा काही भाग विकताना परत यायची शक्यता असते. फाटलेलं तिकीट कुणी परत घेत नाही.

बँकेचा विषय निघालाच आहे तर सांगते. कर्ज मागायला गेलं की पगार विचारतात, आधीचे हप्ते विचारतात, जामीन विचारतात. रोज किती लांब जाता, हे कुणीच विचारत नाही. त्यामुळे टोकाचं मोठं घर आणि जवळचं छोटं घर यांत बँकेच्या हिशेबाने टोकाचं घर सहज "बसतं". कर्ज मंजूर झालं याचा अर्थ घर परवडलं असा नाही. शिकागोच्या सेंटर फॉर नेबरहूड टेक्नॉलॉजी या संस्थेने या दोन खर्चांची बेरीज करून निर्देशांक काढला आहे. घराला उत्पन्नाच्या 30 टक्के, प्रवासाला 15, मिळून 45 टक्क्यांच्या आत असेल तर परवडणारं. तिथली शहरं गाडीवर चालणारी, आपला आकडा वेगळा येईल, पण दोन्ही एकाच रेषेत मोजायची कल्पना मला पटली. आम्ही स्वतःसाठी 40 ची मर्यादा ठेवली. नवऱ्याला 42 चालले असते.

आता सगळ्यात मोठी उडी. प्रवासखर्च अंतराप्रमाणे हळूहळू वाढत नाही, तो एका जागी पायरीसारखा उंचावतो. ती पायरी म्हणजे दुसरी गाडी. एक घर असं पाहिलं की तिथून माझी बस वेळेवर मिळत होती, नवऱ्याला मात्र स्टेशनला पोचायलाच वाहन हवं. आमच्याकडे एक दुचाकी आहे. तिथे राहायचं तर दुसरी हवीच. दुसऱ्या गाडीचा खर्च म्हणजे फक्त पेट्रोल नाही. तिचा हप्ता, विमा, सर्व्हिसिंग, टायर, स्टेशनबाहेरचं पार्किंग, आणि पाच-सात वर्षांनी निम्म्याहून कमी झालेली तिची स्वतःची किंमत. ही सगळी बेरीज करून 115 ने गुणली आणि ते घर यादीतून गेलं. तसं घर छान होतं. स्वयंपाकघराला दोन खिडक्या होत्या. मी अजून त्यांची आठवण काढते.

"स्टेशनपासून दहा मिनिटं." हे वाक्य जाहिरातीत असतं, एजंटच्या तोंडात असतं. कुणाची दहा मिनिटं, हे कधीच लिहिलेलं नसतं. रविवारी सकाळी, मोकळ्या रस्त्यावर, त्याच्या गाडीतून, एवढं आपण समजून घ्यायचं. आम्ही शेवटच्या दोन-तीन घरांसाठी खरा प्रवास करून पाहिला. सोमवारी, ऑफिसच्या वेळेला, घराच्या दारापासून ऑफिसच्या खुर्चीपर्यंत. एका इमारतीत अकराव्या मजल्यावर दोन लिफ्टपैकी एक बंद. लिफ्ट वर येईपर्यंत आठ मिनिटं. सुरक्षारक्षक सहज म्हणाला, "सकाळी असंच असतं, शाळेची मुलं असतात ना." खाली फाटकापर्यंत लांबलचक आवार, मग रस्ता ओलांडायला सिग्नल, मग पूल. पुलावर गर्दी इतकी की पायऱ्या मोजत उतरायच्या. प्लॅटफॉर्मवर पोचले तोवर एजंटची दहा मिनिटं संपून तिप्पट झाली होती, आणि समोर आलेल्या ट्रेनमध्ये चढता आलं नाही. ती सुटलेली ट्रेन कुठल्याच वेळापत्रकात नसते, पण रोजच्या हिशेबात असते. संध्याकाळी परतीचाही प्रवास केला. तो जास्त महत्त्वाचा. सकाळी माणूस ताजा असतो, काहीही सहन करतो.

वेळेची किंमत शीटमध्ये कशी लिहायची यावरून आमचं थोडं वाजलं. नवऱ्याचं म्हणणं, "वेळेचे पैसे कोण देतंय? ट्रेनमध्ये झोपेन." माझं म्हणणं, उभ्याने झोपून दाखव. एका बाजूला 45 मिनिटं जास्त लागत असतील तर दिवसाला दीड तास, वर्षाचे कामाचे 240 दिवस धरले तर 360 तास. आठ तासांच्या दिवसाने हे 45 दिवस झाले, म्हणजे दर वर्षी दोन महिन्यांचं ऑफिस वर, बिनपगारी. शेवटी आम्ही तासाला स्वतःच्या पगाराच्या अर्धा दर धरला. वाहतुकीचे प्रकल्प तोलणारे तज्ज्ञही प्रवासाच्या वेळेला पैशांत मोजतात, तेव्हा आमचा हा प्रकार अगदीच हवेतला नव्हता.

ब्रुनो फ्राय आणि अलोइस स्टुट्झर या दोन अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतल्या कुटुंबांची माहिती घेऊन याच गोष्टीची तपासणी केली होती. माणसं जर नीट हिशेब करून लांब राहत असतील, तर लांबचा प्रवास करणाऱ्याला स्वस्त घराने किंवा चांगल्या पगाराने भरपाई मिळालेली असावी, आणि तोही इतरांइतकाच समाधानी असावा. प्रत्यक्षात लांबून येणारे कमी समाधानी निघाले. मला यात नवल वाटलं नाही. घर पाहायला आपण एकदा जातो, तेव्हा जास्तीची खोली डोळ्यांत भरते. महिन्याभरात ती खोली सवयीची होते, तिच्यात इस्त्रीचे कपडे साठतात. गर्दीची मात्र सवय होत नाही, कारण ती रोज वेगळ्या तऱ्हेने त्रास देते.

टोकाची घरं विकताना आणखी एक पत्ता टाकतात: "इथे नवी लाइन येतेय." येईलही. पण आजच्या भावात त्या न आलेल्या लाइनचे पैसे बहुधा आधीच धरलेले असतात. लाइन येईपर्यंत प्रवास जुना, भाव नवा. इटलीचे भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केट्टी यांनी 1994 च्या लेखात मांडलं होतं की माणसं रोज सरासरी तासभरच प्रवासाला देतात, आणि वेग वाढला की वेळ वाचवण्याऐवजी आणखी लांब जातात. म्हणून नवी लाइन आली की तिच्याही पुढे इमारती उभ्या राहतात आणि आपल्या स्टेशनवर येणारी ट्रेन आधीच भरलेली असते. त्यामुळे आमच्या शीटमध्ये फक्त आज धावणाऱ्या गाड्या होत्या.

आम्ही घेतलेलं घर मधलं आहे. इमारत जुनी, क्षेत्रफळ कमी, पार्किंग एकच. ते माझ्या ऑफिसच्या जवळ नाही आणि नवऱ्याच्याही नाही. दोन मार्ग जिथे मिळतात त्या स्टेशनपासून ते चालत जायच्या अंतरावर आहे, आणि हे आम्ही मुद्दाम केलं. दादाचा आग्रह होता की निदान एकाच्या ऑफिसला खेटून घ्या. पण नोकरी दर काही वर्षांनी बदलते, ऑफिसंही जागा बदलतात, घर बदलताना मात्र मुद्रांक शुल्क, नोंदणी, दलाली पुन्हा भरावी लागते. एका ऑफिसला चिकटलेलं घर हे त्या नोकरीवर लावलेली पैज असते. दोन मार्गांच्या जंक्शनजवळचं घर बऱ्याच नोकऱ्यांना चालतं. आई पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली, "एवढ्या पैशांत एवढंच?" मी तिला शीट दाखवली नाही, चहा दिला.

जुन्या इमारतीचा देखभाल खर्चही हिशेबात धरावा लागतो. गळती, पाइप, पुढेमागे लिफ्टची दुरुस्ती. हाही महिन्यावर पसरवून 115 ने गुणला. जुनं घर त्यामुळे वाटलं होतं तितकं स्वस्त राहिलं नाही, तरी टोकाच्या नव्या घरापेक्षा खालीच होतं.

घरून काम करायची मुभा असलेल्यांनी हे गणित कसं घालायचं, असं एका मैत्रिणीने विचारलं. आठवड्याला दोनच दिवस ऑफिस असेल तर प्रवासाचा खर्च आणि वेळ दोन्ही 40 टक्क्यांवर येतात, आणि दूरचं घर खरोखर स्वस्त ठरू शकतं. फक्त ती मुभा करारात लिहिलेली आहे की साहेबांच्या ईमेलमध्ये, ते आधी बघावं. नवऱ्याला तीन दिवस घरून चालतं, ईमेलवर. आम्ही त्याच्या रकान्यात पाच दिवस धरले.