जिंकलेल्या खटल्याचा हिशेब

2006 च्या उन्हाळ्यात कॅनडा-अमेरिकेच्या लाकूड कराराला होकार द्यायचा की नाही, हे कंपन्यांना कळवायचं होतं. मी तेव्हा ब्रिटिश कोलंबियात, सरेमधल्या एका छोट्या सीडर मिलचे हिशेब बघत होतो. मालक पंजाबी, सगळे त्यांना पाजी म्हणत. ओंडका आमच्याकडे यायचाच नाही. बाजारातून कच्च्या फळ्या घ्यायच्या, भट्टीत सुकवायच्या, रंधा मारून घरांच्या बाहेरच्या भिंतींसाठी पट्ट्या काढायच्या आणि ट्रक सीमेपलीकडे रवाना करायचा.

अमेरिकन लाकूडवाल्यांची तक्रार अशी की कॅनडातली प्रांत सरकारं सरकारी जंगलातली झाडं स्वस्तात तोडू देतात, म्हणजे हे अनुदानच. म्हणून 2002 च्या मे महिन्यापासून सरासरी 27 टक्के जकात बसली, आणि आमच्यासारख्यांना ती तयार मालाच्या पूर्ण किमतीवर. म्हणजे मजुरी, वीज, भट्टीचा गॅस, सगळ्यावर. आमच्या रंध्यालाही बहुधा जंगलाचं अनुदान मिळत असावं!

नाफ्ता या उत्तर अमेरिकेतल्या मुक्त व्यापार कराराच्या लवादांनी एकामागून एक निकाल कॅनडाच्या बाजूने दिले. ऑगस्ट 2005 मध्ये अमेरिका शेवटच्या पायरीवरही हरली. तरीही करार झाला तो असा: जकातीपोटी जमा झालेल्या सुमारे 5 अब्ज डॉलरपैकी 4 परत, 1 अब्ज तिकडेच, आणि त्यातला निम्मा थेट फिर्यादी अमेरिकन लाकूडवाल्यांच्या हाती. विरोधी एनडीपी पक्षाचे जॅक लेटन आणि पीटर ज्युलियन यांनी संसदेत रान उठवलं. व्यापारमंत्री डेव्हिड एमर्सन हे पूर्वी एका बड्या लाकूड कंपनीचे प्रमुख. 2006 च्या जानेवारीत लिबरल पक्षाकडून निवडून आले आणि दोन आठवड्यांत विरुद्ध पक्षाचे, कॉन्झर्व्हेटिव्ह पंतप्रधान हार्परांच्या मंत्रिमंडळात जाऊन बसले. लोक चिडणार नाहीत तर काय?

टीका खरीच होती. पण त्या दिवशी माझ्यासमोर अब्ज नव्हते, अमेरिकन कस्टम्सचे दाखले होते. दर खेपेचा एक. त्यावर नंबर, तारीख, मालाची किंमत, जकातीपोटी भरलेली अनामत आणि आयातदाराचं नाव. परतावा त्या नावावरच निघणार होता. बहुतेक दाखल्यांवर आमचंच नाव होतं, कारण तिकडचे गिऱ्हाईक ही कटकट अंगावर घेत नसत. वॉशिंग्टन राज्यातल्या एका जुन्या गिऱ्हाइकाने मात्र स्वतःचा कस्टम्स दलाल ठेवला होता. जकात तो भरायचा, म्हणून आम्ही बिलात तेवढा भाव तोडून द्यायचो. मी ते दाखले वेगळे काढले, प्रत्येकावर आमचं तोडलेल्या भावाचं बिल टाचलं. गठ्ठा चांगला जाड झाला.

पाजींनी त्या गिऱ्हाइकाला स्पीकरवर फोन लावला. समोरचा माणूस अतिशय सभ्य. मुलांची चौकशी केली, मग म्हणाला, "कागदावर नाव माझं आहे ना?"

कायद्याने त्याचं बरोबर होतं. पाजींनी फोन ठेवला आणि मला विचारलं, "सही कुठे करायची?" कराराबाहेर राहिलं तरी सरकार परताव्यावर विशेष कर लावून जवळपास तेवढाच हिस्सा कापणार होतं. शिवाय बँकेचा हप्ता थांबणार नव्हता. छोट्यांना दिलेली ही निवड मला आजही निवड वाटत नाही.

करार लागू झाला 12 ऑक्टोबरला. तोवर अमेरिकन जकात 10.8 टक्क्यांवर उतरली होती. आता आपलंच सरकार 15 टक्के निर्यात कर घेऊ लागलं, कारण लाकडाचा बाजारभाव करारात ठरलेल्या 315 डॉलरच्या पातळीखाली होता. आम्हाला दिलासा एवढाच की स्वतंत्र मिलना हा कर कच्च्या फळीच्या किमतीवर लागला, रंध्याच्या मजुरीवर नाही. हा मुद्दा ना टीकाकारांच्या भाषणात ऐकला, ना मंत्र्यांच्या. मोठ्या कंपन्यांना त्याचं काय?

त्या गिऱ्हाइकाशी पाजींनी धंदा तोडला नाही. मला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही.

करार 2015 मध्ये संपला, 2017 मध्ये जकात परत आली, 2025 मध्ये बहुतेकांसाठी सगळं मिळून 45 टक्क्यांच्या घरात गेली. नव्या कराराच्या बातम्या येतात, अनामतीचे अब्ज पुन्हा मोजले जातात. ते भाव तोडून कुणी भरले, हे दाखल्यावर आजही लिहिलेलं नसतं.