तिरकं तोरण

गेल्या शनिवारी दुपारी फॉल-बीडिंगला टाकलेली साडी आणायला रावपुऱ्यात गेले, तर दुकानदार जेवायला घरी गेलेला. बडोद्यात एक ते चार कुणाकडे काही मागू नये, हे इतकी वर्षं इथे काढल्यावर मला कळायला हवं होतं. परत घरी जायचं जिवावर आलं, म्हणून जवळच भाचीच्या लेकीच्या शाळेत शिरले. दिवाळीच्या सुट्टीआधी त्यांचा आनंदमेळा असतो. पोरांनी केलेल्या वस्तू विकायच्या आणि आलेला पैसा शाळेच्या एखाद्या कामाला लावायचा. यंदा वाचनालयाच्या कपाटांसाठी, असं फाटकावरच्या फळ्यावर लिहिलं होतं.

ते वाचून मला जरा गंमत वाटली. सयाजीराव महाराजांनी १९१० साली थेट अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून घेतले, पेट्यांत पुस्तकं भरून संस्थानातल्या खेड्यापाड्यांत पाठवली. त्याच गावात आता दोन कपाटांसाठी पोरांना पणत्या विकाव्या लागतात. पण असो. महाराजांचं नाव काढलं की आम्हा बडोदेकरांचं भाषण थांबत नाही.

वर्गातली बाकं अंगणात आणून त्यांवर घरच्या चादरी घातल्या होत्या. विकणारी पोरं ‘कोडियां, कोडियां’ म्हणून ओरडत होती आणि आमच्यासारख्या बायका पणत्या म्हणून भाव विचारत होत्या. आइस्क्रीमच्या काड्यांचे पेनस्टँड होते, सुतळी गुंडाळलेल्या सॉसच्या बाटल्या होत्या, मिठात रंग कालवून केलेली रांगोळी होती. सगळीकडे फेव्हिकॉलचा वास. एका पणतीचा रंग ओला होता. तो माझ्या नखाच्या कडेला अजून आहे.

या मेळ्यांतला व्यवहार सगळ्यांना ठाऊक असतो. सामान आई आणते, रात्री अकरापर्यंत बसून बहुतेक काम आईच करते आणि दुसऱ्या दिवशी पर्स उघडून ती वस्तू विकतही तीच घेते. दुसऱ्याच्या पोराची पणती घेणारे विरळाच.

माझ्या वेळी मात्र घोळ झाला होता. पाचवीत असेन. खणांचं छोटंसं कपाट करायचं म्हणून नऊ काड्यापेट्या जमवल्या. त्यातल्या काड्या आजीने कुरकुरत पितळी डब्यात ओतून घेतल्या आणि पुढे महिनाभर कुठे घासायच्या म्हणून माझ्या नावाने बोटं मोडली. तीनावर तीन पेट्या चिकटवून त्यांना वरून जांभळा घोटीव कागद लावला. प्रत्येक खणाला ओढायला एकेक मणी, दोऱ्याने आतून गाठ मारलेला. मधल्या मण्याची गाठ तेवढी सैल राहिली होती, म्हणून तो खण जपून, नखाने उघडावा लागे. त्यात मी माझा पडलेला दात ठेवला होता. का, ते विचारू नका. मला तो खण दातासाठीच योग्य वाटला होता.

किंमत दोन रुपये. बाबा घेणार हे ठरलेलंच होतं. पण बाबा आले ते आधी भेळेकडे वळले, आणि तेवढ्यात हिरव्या साडीतल्या एका बाई आल्या, ‘छान गं’ म्हणाल्या आणि कपाट पिशवीत टाकून गेल्यासुद्धा. माझ्या हातात दोन रुपयांची नोट. वर्गात सगळ्यात आधी माझीच वस्तू विकली गेली म्हणून बाईंनी टाळ्या वाजवायला लावल्या. सूरसागरापासून घरापर्यंत मी रडत आले. आई म्हणाली, ‘अगं, विकायलाच केलं होतंस ना?’ याला मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. आताही येत नाही.

पुढे कित्येक वर्षं दांडिया बाजारात कुणाकडे हळदीकुंकवाला गेले की माझी नजर आधी शोकेसवर. एकदा एका घरी जांभळं काहीतरी दिसलं, काळजात धस्स झालं. जवळ जाऊन मोजले, तर खण बारा निघाले.

बाबांना बहुधा ते लागलं असावं, कारण नंतर ते मला इथल्या विद्यापीठाच्या फाइन आर्ट्‌स फॅकल्टीच्या मेळ्याला घेऊन गेले. हा मेळा १९६१पासूनचा. तिथे शिकवणाऱ्या के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारख्या चित्रकारानेही त्यासाठी लाकडाची, मण्यांची खेळणी केली. आम्ही गेलो तेव्हाही दाढीवाली मोठी माणसं स्वतः केलेली खेळणी मांडून बसली होती आणि हसत हसत देऊन टाकत होती. बाबांनी एक लाकडी पक्षी घेतला. कुणी केला होता देव जाणे. ‘बघ, हे रडतायत का?’ एवढंच म्हणाले. मी त्या माणसाकडे निरखून पाहिलं. खरंच रडत नव्हता. भेळ खात होता.

तेव्हापासून मला एक खोड लागली आहे. अशा मेळ्यात सबंध फेरी मारायची आणि ज्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही ती वस्तू घ्यायची. शनिवारी शेवटच्या बाकावर एक तोरण होतं. स्ट्रॉचे तुकडे आणि मणी ओवलेलं, उजवीकडची दोन टोकं आखूड, त्यामुळे सगळंच तिरकं. मागे दुसरी-तिसरीतला एक मुलगा, चष्म्याची दांडी सेलोटेपने जोडलेली. ‘आंटी, लई लो ने,’ म्हणाला. तीस रुपये. घासाघीस न करता दिले. त्याने ते तीनदा मोजले आणि डब्यात टाकले.

मी फाटकापाशी पोचते तोच मागून धापा टाकत एक बाई आल्या. ऑफिसातून सुटून तशाच आलेल्या, गळ्यात ओळखपत्र.

‘बेन, ए तो अमारे लेवानुं हतुं!’ ते तोरण त्यांनाच घ्यायचं होतं.

मला एकदम हिरवी साडीच आठवली. म्हणजे आता ती बाई मी? मी घाईघाईने पिशवीतून तोरण काढलं आणि पुढे केलं. त्यांनी हात पुढे केलाही. पण तो मुलगा मध्ये येऊन उभा राहिला.

‘वेचाई गयुं, मम्मी,’ विकलं गेलं, असं तो म्हणाला. जरा मोठ्यानेच, शेजारच्या बाकावरच्यांना ऐकू जावं अशा बेताने.

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. मग त्या हसल्या. मला हसू यायला थोडा वेळ लागला.

साडी आणायची राहिलीच. तोरण दाराला लावलंय. उजवीकडची बाजू वर ओढून पाहिली, डावीकडे खिळा खाली घेऊन पाहिला, काही उपयोग नाही. बिल्डिंगमधल्या दोघीतिघींनी ‘नातवाने केलं का?’ म्हणून विचारलं. मी हो म्हणून टाकलं.